चाळीस रुपये आणि आपली फी

ॲडमिशनचा सीझन संपला की हॉस्टेलवर एकच प्रश्न फिरत असतो, "महाडीबीटीचा फॉर्म भरलास का?" मग उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, कॅपचं अलॉटमेंट लेटर, आधारला जोडलेलं बँक खातं, आणि झेरॉक्सच्या दुकानातली रांग. फॉर्म एकदाचा गेला की दुसरा प्रश्न सुरू होतो आणि तो मात्र वर्षभर टिकतो, "आली का गं स्कॉलरशिप?"

तिसरा एक प्रश्न आहे, जो फारसं कोणी विचारत नाही. सरकार तंत्रशिक्षणावर जो पैसा खर्च करतं तो नक्की कोणाच्या हातात देतं? कॉलेजच्या, आपल्या, की कंपनीच्या? आणि कोणाच्या हातात तो पोचतच नाही?

मित्रमैत्रिणींनो, "सार्वजनिक निधी" हा शब्द दिसला म्हणून पान उलटू नका! हा विषय अर्थशास्त्राचा कमी आणि आपल्या खिशाचा जास्त आहे.

आधी पैसे कोण देत होतं?

सुरुवातीला सरळ हिशोब होता. ज्याला कारागीर किंवा इंजिनिअर हवा, तो पैसे देणार. पुण्याचं सीओईपी १८५४ साली सुरू झालं, कारण ब्रिटिश सरकारच्या बांधकाम खात्याला रस्ते, पूल आणि इमारतींसाठी हाताखालची शिकलेली माणसं हवी होती. मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं. तिथे गरज होती गिरण्यांची, म्हणून गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांनी भायखळ्याची जागा दिली.

स्वातंत्र्यानंतर धरणं, कारखाने, वीज ही सगळी कामं सरकारचीच झाली, तेव्हा इंजिनिअर घडवण्याचा खर्चही सरकारनं उचलला. १९६० मध्ये, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मलं त्याच वर्षी, कराड आणि तेव्हाच्या औरंगाबादला (आजचं छत्रपती संभाजीनगर) शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली. १९६४ मध्ये अमरावतीला. सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ चं, खासगी पुढाकारातून उभं राहिलेलं, पण पुढे अनुदानित. अनुदानित म्हणजे काय? तर मंजूर पदांवरच्या शिक्षकांचा आणि कर्मचाऱ्यांचा पगार सरकार देतं. पगार हाच कुठल्याही कॉलेजचा सगळ्यात मोठा खर्च असतो. तो सरकारनं दिला की विद्यार्थ्याची फी आपोआप कमी राहते. त्या काळात ज्यांनी इंजिनिअरिंग केलं त्यांना आपल्या फीचा आकडा सांगून बघा, ते आधी हसतात आणि मग गप्प होतात.

१९८३

अडचण अशी होती की या जागा फार थोड्या होत्या. बारावीला चांगले मार्क असूनही मुलं कर्नाटकात जाऊन कॅपिटेशन फी भरून शिकत होती. महाराष्ट्राचा पैसा शेजारी चालला होता. नवी सरकारी कॉलेजं काढायला तिजोरीत पैसा नाही, अशा वेळी १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी खासगी संस्थांना विनाअनुदानित तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेज काढायला परवानगी दिली. म्हणजे कॉलेज काढा, पण सरकारकडे पगार मागू नका. खर्च फीमधून वसूल करा.

या एका निर्णयानं महाराष्ट्राचा नकाशा बदलला. तालुक्याच्या गावापर्यंत इंजिनिअरिंग पोचलं, हे मान्य करायलाच पाहिजे. पण "इंजिनिअर घडवायचे पैसे कोण देणार?" या प्रश्नाचं उत्तरही त्या दिवशी बदललं. नवं उत्तर होतं, त्याचे आईबाप.

मग भांडणं सुरू झाली. डोनेशनचे आकडे वाढले, तेव्हा राज्यानं १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंध कायदा केला. १९९२ मध्ये मोहिनी जैन खटल्यात सुप्रीम कोर्टानं कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात कोर्टानं एक तोडगा काढला. निम्म्या जागा 'फ्री सीट', निम्म्या 'पेमेंट सीट'. पेमेंट सीटवाल्यानं जास्त भरायचं आणि त्यातून शेजारच्या बाकावरच्या फ्री सीटवाल्याची फी भागायची. आपल्या मामा-मावशींच्या तोंडी 'फ्री सीट' हा शब्द अजून असतो, तो इथून आला.

२००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात ११ न्यायमूर्तींच्या खंडपीठानं ही पद्धत रद्द केली. एका विद्यार्थ्याचा खर्च दुसऱ्यावर का टाकायचा, हा मुद्दा होता. २००३ च्या इस्लामिक ॲकॅडमी निकालानं राज्याराज्यांत फी ठरवणाऱ्या समित्या आणल्या, २००५ च्या इनामदार निकालानं (तो तर आपल्या महाराष्ट्राविरुद्धचाच खटला) विनाअनुदानित कॉलेजांना आणखी मोकळीक दिली, पण नफेखोरी रोखण्याचा सरकारचा अधिकार ठेवला. आज जे शुल्क नियामक प्राधिकरण आपली फी ठरवतं ते राज्याच्या २०१५ च्या कायद्यातून आलं. कॉलेज आपला ऑडिट झालेला खर्च दाखवतं, प्राधिकरण त्याची छाननी करतं आणि तो खर्च विद्यार्थ्यांवर वाटून फी निघते.

शेजारच्यानं भरायची सोय गेली, मग गरीब मुलाची फी कोण भरणार? उरलं एकटं सरकार. इथून सरकारी पैसा तंत्रशिक्षणात परत आला, पण वेगळ्या दारानं.

प्रतिपूर्ती म्हणजे काय?

पूर्वी सरकार कॉलेजला अनुदान द्यायचं. आता ते विद्यार्थ्याच्या नावानं फी परत करतं. सरकारी भाषेत याला 'प्रतिपूर्ती' म्हणतात.

ढोबळमानानं योजना अशा आहेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जिची उत्पन्नमर्यादा २.५ लाख आहे. विजाभज आणि विमाप्र प्रवर्गाला शिक्षण शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती, ओबीसींना निम्मी. खुल्या गटातल्या ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना, तिच्यातही निम्मं शुल्क. आणि २०२४-२५ पासून मोठा बदल म्हणजे व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून आलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ.

हा शेवटचा निर्णय किती मोठा आहे ते मुलींच्या हॉस्टेलवर राहिल्याशिवाय कळणार नाही. "भावाला इंजिनिअरिंग, हिला बीएस्सी" हा हिशोब घराघरात चालतो. त्या हिशोबातला एक मोठा आकडा या निर्णयानं खोडला. त्यामुळे पुढे मी जी तक्रार करणार आहे ती या योजनेविरुद्ध नाही, हे आधीच सांगते.

तक्रार दोन गोष्टींची आहे.

पहिली, उशीर. कॉलेजला पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो आणि प्रतिपूर्ती मात्र सरकारी चालीनं येते. मध्ये जो खड्डा पडतो त्यात एक तर विद्यार्थी पडतो ("आधी पूर्ण भरा, आली की परत देऊ") किंवा शिक्षक पडतो, ज्याचा पगार लांबतो. नियमानुसार सवलतीची रक्कम सोडूनच फी घ्यायची असते, पण नियम आणि अकाउंट्स सेक्शनची खिडकी यांची गाठ नेहमीच पडते असं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. प्रतिपूर्तीचा पैसा विद्यार्थ्यामागे जातो आणि विद्यार्थी फॅशनमागे जातो! आज फॅशन कॉम्प्युटर आणि एआयची आहे. २०२४-२५ पासून एआयसीटीईनं एका ब्रँचमध्ये किती जागा ठेवायच्या यावरची कमाल मर्यादाही चांगल्या कॉलेजांसाठी काढून टाकली. साहजिकच जागा तिकडे वाढतात. कॉम्प्युटर लॅबला काय लागतं? टेबलं, मशीन्स, वायरिंग, एसी. फाउंड्रीला, हायड्रॉलिक्स लॅबला, वर्कशॉपला काय लागतं ते फर्स्ट इयरला आपण पाहिलंय. जागा, क्रेन, भट्टी, आणि माणूस. ज्या लेथवर वर्षाला थोडीच मुलं उभी राहणार, त्या लेथसाठी प्रतिपूर्तीतून पैसा निघत नाही. फी भरून निघाली म्हणजे वर्कशॉप उभं राहिलं असं होत नाही. वर्कशॉपला पैसा थेटच द्यावा लागतो, आणि दर वर्षी द्यावा लागतो.

असा थेट पैसा आला नाही असंही नाही. जागतिक बँकेच्या कर्जातून २००३ ते २०२१ अशा तीन टप्प्यांत टेक्विप हा कार्यक्रम चालला. सीओईपी, व्हीजेटीआय यांच्यासारख्या संस्थांना त्यातून लॅब आणि उपकरणं मिळाली. पण कार्यक्रम संपतो, उपकरणाची वॉरंटी संपते, आणि दुरुस्तीचा खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा हा प्रश्न मात्र कधीच संपत नाही.

आता शेजारचं आयटीआय बघू

इथपर्यंत आपण आपल्याबद्दल बोललो. पण फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये हातात फाइल कशी धरायची हे ज्यांनी आपल्याला शिकवलं, ते सर बहुधा आयटीआयमधून आलेले असतात. आपला मेल-फीमेल जॉब ट्राय स्क्वेअरला लावून, प्रकाशाकडे धरून, "उजेड दिसतोय बघ फटीतून" म्हणणारे तेच. या देशात नटबोल्ट प्रत्यक्षात जे फिरवतात ते सगळे तिथून येतात. त्यांच्यावर सरकार किती खर्च करतं?

देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. १९५६ पासून आयटीआय चालवण्याचं रोजचं काम राज्यांकडे आलं. महाराष्ट्रात आज ४०० हून जास्त शासकीय आयटीआय आहेत. जवळपास प्रत्येक तालुक्याला एक. फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, डिझेल मेकॅनिक. शासकीय आयटीआयची फी आपल्या फीच्या मानानं नगण्य आहे. म्हणजे इथे जुनंच मॉडेल टिकून आहे, सरकार संस्था चालवतं आणि मुलगा शिकतो.

मग रडायचं कशाला? तर ऐका.

आयटीआयच्या गरजू मुलांना सरकार विद्यावेतन देतं. घरची मुलं बहुधा शेतमजुरांची, रिक्षावाल्यांची, भाजीवाल्यांची. शिकताना हाती चार पैसे असावेत, एसटीचा पास निघावा, डबा नसेल त्या दिवशी काही खाता यावं, यासाठी ते आहे. १९८३ पासून हे विद्यावेतन होतं महिन्याला ४० रुपये. तेच १९८३, ज्या वर्षी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली! आणि ते ४० रुपयेच राहिले २०२३ पर्यंत. चाळीस वर्षं, चाळीस रुपये. वर्षाचे ४८०. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ते वाढवून महिन्याला ५०० करायचं ठरवलं.

या चाळीस वर्षांत इंजिनिअरिंगच्या फीसाठी काय काय झालं ते वर वाचलंत. कायदे झाले, सुप्रीम कोर्टाचे पाच मोठे निकाल लागले, समिती आली, प्राधिकरण आलं, मोर्चे निघाले, टीव्हीवर चर्चा झाल्या. यातला एकही दिवस त्या ४० रुपयांच्या वाट्याला आला नाही. कारण सोपं आहे. इंजिनिअरिंगचा पालक कोर्टात जातो, मंत्र्याला भेटतो, निदान पेपरला पत्र तरी लिहितो. आयटीआयचा पालक त्या दिवशी कामावर गेलेला असतो.

हेच माणसांच्या बाबतीत. आयटीआयमध्ये शिकवणाऱ्याला 'शिल्प निदेशक' म्हणतात. किती छान शब्द आहे! पण पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात आणि काम तासिका तत्त्वावर चालतं. २०२२ मध्ये व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयानं एकाच जाहिरातीत १,४५७ शिल्प निदेशकांच्या जागा काढल्या. एकदम इतक्या जागा काढाव्या लागल्या, यावरूनच त्याआधी किती वर्कशॉप्समध्ये हक्काचा शिकवणारा नव्हता याची कल्पना येते.

आणि हेच साहित्याच्या बाबतीत. वेल्डिंग शिकायचं म्हणजे रॉड जाळायचे. शेकडो जाळायचे, तेव्हा कुठे हात स्थिर होतो. हॅकसॉ ब्लेड तुटणार, टूल बिट घासणार, कटिंग ऑईल संपणार, एमएसचे तुकडे भंगारात जाणार. शिकणं यालाच म्हणतात. नवं सीएनसी मशीन आलं की नारळ फुटतो, फोटो निघतो. वेल्डिंग रॉडच्या पुड्याचा फोटो निघत नाही, म्हणून त्याला पैसाही सहज मिळत नाही. सरकारी भाषेत पहिल्याला भांडवली खर्च म्हणतात, दुसऱ्याला आवर्ती. कारागीर घडतो तो दुसऱ्या खर्चावर.

उद्योग काय देतात?

"कंपन्यांना माणसं हवीत तर त्यांनी खर्च करावा" असं आपण म्हणतो. पेटिटशेटनी केलाच होता की! सरकारनंही हा प्रयत्न केलाय.

२००७ मध्ये केंद्रानं देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयसाठी सार्वजनिक-खासगी भागीदारीची योजना आणली. प्रत्येक आयटीआयला उद्योगाच्या माणसाच्या अध्यक्षतेखाली व्यवस्थापन समिती आणि तिला २.५ कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज. पहिली १० वर्षं काही फेडायचं नाही, पुढच्या २० वर्षांत हप्त्यानं फेडायचं. कल्पना चांगली, पण एक गोष्ट लक्षात घ्या, हे अनुदान नाही, कर्ज आहे. ज्या संस्थेचा विद्यार्थी जवळजवळ फुकट शिकतो तिनं कर्ज फेडायचं कशातून? अशा वेळी संस्था पैसा जपून वापरते, आणि जपून वापरलेल्या पैशातून रॉड जळत नाहीत.

दुसरा रस्ता अप्रेंटिसशिपचा. त्याचा कायदा १९६१ चा. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यायचेत. २०१६ च्या केंद्रीय योजनेत त्यांच्या स्टायपेंडचा २५ टक्के भाग, जास्तीत जास्त महिन्याला १,५०० रुपये, सरकार देतं. राज्यानं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी पास तरुणाला महिन्याला ६,००० रुपये, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० सरकारनं द्यायचे ठरले, आणि काम आस्थापनेत करायचं.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. शिकत असताना मुलाला महिन्याला ५००. शिकून झाल्यावर, कंपनीचं किंवा ऑफिसचं काम करताना, त्याच मुलामागे सरकारचे ८,०००. दुसरा आकडा वाईट नाही, बेकार बसण्यापेक्षा केव्हाही बरा. पण कच्च्या शिकलेल्या हाताला कामावर ठेवायला पैसे देण्याऐवजी तो हात आधीच पक्का करायला दिले, तर कंपनी स्वतःहून पगार देईल ना?

२०२५ मध्ये केंद्रानं सगळ्यात मोठी योजना मंजूर केली आहे. ५ वर्षांत ६०,००० कोटी रुपये, १,००० शासकीय आयटीआय, २०० मोठ्या संस्था 'हब' आणि ८०० त्यांना जोडलेल्या. यातले ३०,००० कोटी केंद्राचे, २०,००० कोटी राज्यांचे आणि १०,००० कोटी उद्योगांचे. 'पीएम सेतू' या नावानं ती ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. आकडा बघून छाती फुगते. पण ही योजना सहाव्या वर्षी काय होते यावरच पास की फेल ते ठरेल. मशीन ५ वर्षांत येतील. त्यानंतरचे रॉड, ब्लेड आणि शिल्प निदेशकाचा पगार कोण देणार, हे आजच लिहून ठेवलं पाहिजे.

मग मागायचं काय?

माझ्या मते तीन साध्या गोष्टी.

एक, प्रतिपूर्तीला तारीख हवी. आपण सबमिशन एक दिवस उशिरा दिलं तर मार्क कापतात. सरकारनं सत्र संपायच्या आत प्रतिपूर्ती दिली नाही तर त्यालाही काही तरी कापलं जावं, निदान व्याज तरी.

दोन, विद्यावेतन महागाईला जोडा. आपल्या स्टाफमधल्या सगळ्यांना माहीत आहे की सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैला ठरतो. त्यासाठी दर वेळी नवं आंदोलन करावं लागत नाही, सूत्रच तसं आहे. तेच सूत्र त्या ५०० रुपयांना लावलं की झालं. नाही तर आजचे ५०० उद्याचे ४० होणार, आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.

तीन, कच्च्या मालाचं हेड वेगळं ठेवा. आयटीआय असो, पॉलिटेक्निक असो की आपलं वर्कशॉप, प्रत्येक विद्यार्थ्यामागे इतकं स्टील, इतके रॉड, इतके ब्लेड, हे ठरवून ती रक्कम वर्षाच्या सुरुवातीला संस्थेच्या हातात द्या. आणि ती दुसरीकडे वळवायची नाही.

राज्याचं बजेट दर मार्चमध्ये येतं. आपण टीव्हीवर फक्त मोबाईल आणि पेट्रोल स्वस्त झालं का ते बघतो. या वेळी उच्च व तंत्रशिक्षण आणि कौशल्य विकास या दोन विभागांचे आकडे काढून बघा, आणि त्यात पगार किती, इमारती किती आणि प्रत्यक्ष शिकवण्याचं साहित्य किती हे वेगळं करा. बेरीज-वजाबाकीपलीकडचं गणित त्यात नाही, एम-थ्रीपेक्षा नक्कीच सोपं! आपल्याला फीची सवलत मिळाली ती कोणीतरी हिशोब मागितला म्हणून. आयटीआयच्या मुलांच्या वतीनं तो चाळीस वर्षं कोणी मागितला नाही. आपल्याला आकडे वाचता येतात, अर्ज लिहिता येतो, आणि कामावर खाडा पडत नाही. तेव्हा तो आता आपण मागायला काय हरकत आहे?